‘गो’चे ‘वेन्ट’ का होते?

अनमोड घाट चढून गेले की गोव्याची हद्द मागे पडते आणि कर्नाटकातील जोयडा तालुका सुरू होतो. अनमोड, कॅसलरॉक, रामनगर या पट्ट्यातील पुष्कळ मुलांच्या घरी कोकणी वा मराठी बोलली जाते, तर शाळेत कन्नडशी गाठ पडते. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात मात्र ‘आय डिड नॉट वेन्ट’ असे एखादे वाक्य हमखास गुण घालवते. त्यावर लाल रेघ ओढणे सोपे. चुकीचे मूळ शोधणे अधिक उपयोगाचे.

इंग्रजीत अनियमित क्रियापदे सुमारे 200 आहेत. बाकीची हजारो क्रियापदे ‘एड’ हा प्रत्यय घेतात. आतला स्वर बदलून भूतकाळ करण्याची ‘सिंग–सँग’सारखी रीत फार जुनी. पुढे ‘एड’चा जोर वाढला आणि ‘हेल्प’चे जुने ‘होल्प’ जाऊन ‘हेल्प्ड’ रूढ झाले. जी रूपे रोज तोंडी असत ती मात्र टिकली. ‘वेन्ट’ तर मुळात ‘वेन्ड’ या निराळ्याच क्रियापदाचे रूप. ते ‘गो’ने आपलेसे केले.

यात परके असे काही नाही. आपणही ‘करला’ न म्हणता ‘केला’ म्हणतो. कृत, गत, मृत ही संस्कृत रूपे केला, गेला, मेला यांच्या मुळाशी आहेत. मराठी मूल बोलायला लागताना ‘मी करलं’ म्हणते, तसेच इंग्रज मूलही ‘गोड’ म्हणून जाते. कोकणीत तर ‘वचप’चे ‘गेलो’ होते, म्हणजे थेट ‘गो–वेन्ट’चाच प्रकार. कन्नडमध्येही ‘बरु’चे ‘बंद’ आणि ‘कोडु’चे ‘कोट्ट’ होते.

मग ‘डिड नॉट वेन्ट’ येते कुठून? मराठीत ‘गेला’ला नकार दिला तरी ‘गेला नाही’ असेच राहते. क्रियापद भूतकाळातून बाहेर पडत नाही. मूल हीच घडण इंग्रजीत उतरवते. इंग्रजीत भूतकाळाचा भार ‘डिड’ने एकदा उचलला की मागे साधे ‘गो’ उरते. गंमत अशी की कन्नड ‘होगलिल्ल’ नेमके याच चालीचे आहे: होकारात ‘होद’ असले तरी नकारात भूतकाळी रूप न येता ‘होगु’ हाच धातू येतो. जोयड्याच्या मुलाला ही चाल शाळेत आयतीच मिळालेली असते. फळ्यावर ‘होगलिल्ल’ आणि ‘डिड नॉट गो’ शेजारी शेजारी लिहिण्याचाच अवकाश.

‘हॅव वेन्ट’ ही चूकही याच जातीची. ‘गेलो’ आणि ‘गेलो आहे’ यांत मराठीचे रूप एकच. इंग्रजीत तेथे ‘गॉन’ हवे.

पाठांतर टळत नाही, पण अकारविल्हे यादीपेक्षा कुळे लावून केलेले बरे: कीप–केप्ट, स्लीप–स्लेप्ट, ड्रिंक–ड्रँक, रिंग–रँग, ब्रिंग–ब्रॉट, थिंक–थॉट. ‘पुट’, ‘कट’ बदलतच नाहीत. ‘रीड’चे स्पेलिंग तेच राहते, उच्चार तेवढा ‘रेड’ होतो.