“त्याचं कॅरॅक्टरच भारी आहे!” : मुलांच्या ‘टेक्केन’मागचा हिशेब

‘टेक्केन’ किंवा ‘स्ट्रीट फायटर’मध्ये हरलं की मुलांचं एक वाक्य ठरलेलं असतं : “त्याचं कॅरॅक्टरच भारी आहे, म्हणून जिंकला.” अम्मी-अब्बांना हा रडीचा डाव वाटतो. आम्हा शिक्षकांनाही वाटतो. पण या तक्रारीत थोडं तथ्य असतं.

या खेळांचा पाया दगड-कागद-कैचीचाच. फटका आला की अडवायचा. नुसता अडवत बसलेल्याला धरून आपटायचं. धरायला आलेल्याला आधीच फटका हाणायचा. मग येतात कॅरॅक्टरचे स्वभाव. 1991 साली जपानच्या कॅपकॉम कंपनीनं ‘स्ट्रीट फायटर टू’ आणला तेव्हा निवडायला आठ कॅरॅक्टर होते. र्‍यू दुरून गोळा टाकतो आणि जवळही लढतो, म्हणून शिकणाऱ्याला सोयीचा. झँगिफ रशियन पैलवान. चाल संथ, पण त्याच्या पकडीत सापडलात तर खैर नाही. धालसिम आपल्या भारतातला योगी, हातपाय रबरासारखे लांब होतात आणि तोंडातून आग येते. (असा योगी कॅपकॉमवाल्यांनी कुठे पाहिला, अल्लाह जाणे!)

आता झँगिफ विरुद्ध धालसिम लावून बघा. पैलवानाला जवळ जायचंय, योगी त्याला जवळ येऊच देत नाही. सारख्याच हुनराचे दोघं दहा डाव खेळले तर कोण किती जिंकेल, हे जाणकार 6-4, 7-3 असं मांडतात. यालाच मॅचअप म्हणतात. सगळ्या जोड्या 5-5 केल्या तर सगळी कॅरॅक्टर एकसारखीच होतील आणि खेळात मजाच राहणार नाही. आमच्या मते तोल म्हणजे बरोबरी नव्हे. कमजोर बाजूलाही सुटायची वाट असणं, हा तोल.

ही वाट कधी कधी बंद होते. 1994 च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो’मधला अकुमा इतका जबर निघाला की अनेक स्पर्धांत त्याच्यावर बंदी आली. आता कंपन्या इंटरनेटवरून दुरुस्ती पाठवतात. 2019 च्या डिसेंबरात ‘टेक्केन 7’मध्ये लिरॉय आला. पुढच्याच महिन्यात जपानमधल्या इव्हो स्पर्धेत शेवटच्या आठांतले बहुतेक जण तोच घेऊन बसले होते. नंतर त्याची ताकद कमी केली गेली. असा नवा कॅरॅक्टर पैसे मोजून घ्यावा लागतो. तेव्हा मुलानं “पैसेवाल्यांचं कॅरॅक्टर भारी” असं म्हटलं तर लगेच रागावू नये.

पण 2019 सालचीच दुसरी गोष्ट बघा. लाहोरचा अर्सलान सिद्दीक, ज्याला जग ‘अर्सलान ऐश’ म्हणून ओळखतं, त्यानं ‘टेक्केन 7’मध्ये इव्हो जपान जिंकली आणि त्याच वर्षी अमेरिकेत लास वेगासला कोरियाच्या नामांकित ‘नी’ला हरवून मुख्य इव्होही जिंकली. कॅरॅक्टर सगळ्यांना मिळतात तेच होते. फरक असा की लाहोरची मुलं वर्षानुवर्षं आपसांत खेळून पक्की झाली होती आणि बाहेरच्यांना त्यांची पद्धत ठाऊकच नव्हती. पुढे ‘नी’ स्वतः त्यांच्याशी खेळायला पाकिस्तानात गेला. एवढ्या मोठ्या उस्तादाला शिकायला जावंसं वाटलं, हे आम्हाला फार आवडलं.

6-4 चा हिशेब सारख्या तयारीच्या खेळाडूंसाठी असतो. घरातल्या दोन भावांत तयारीचाच फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. म्हणून मुलाला विचारावं, “नेमक्या कुठल्या चालीनं हरलास? ती अडवल्यावर तुला काय मारता येतं?” गेममध्ये एका सेकंदाच्या 60 फ्रेम असतात. समोरच्याची चाल अडवल्यावर तो दहा फ्रेम मागे पडत असेल, तर दहा फ्रेमचा साधा ठोसा त्याला लागणारच. सरावाच्या भागात तीच चाल पुन्हा पुन्हा करवून घेऊन हे तपासता येतं.

आणि भांडण मिटतच नसेल तर दोघांनी कॅरॅक्टर अदलाबदल करून दहा डाव खेळावेत. तरीही तोच जिंकला, तर कॅरॅक्टरची तक्रार निकालात निघाली. निकाल उलटा लागला, तर धाकट्याचं म्हणणं खरं होतं, तेही मोठ्यानं मान्य करावं.