चालत्या सर्व्हरमध्ये नवी डिस्क

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत ठाकुरवाडी नावाच्या वस्त्या एकापेक्षा जास्त आहेत. डोंगरउतारावर किंवा पायथ्याशी वसलेली ठाकर समाजाची थोडी घरं, आणि तिथून खाली येणारी पायवाट. जातीचा दाखला, रेशन कार्डात मुलाचं नाव, सातबारा, अशा कुठल्याही कामासाठी माणूस खाली उतरला की त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. खिडकीवर ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असं ऐकावं लागलं, तर दुसराही दिवस जातो. सर्व्हर बंद असण्याची कारणं अनेक असतात: कधी नेटवर्क, कधी वीज, कधी सॉफ्टवेअर. पण डिस्क भरली किंवा बिघडली म्हणून मशीन बंद केलं, हे कारण आता कुणाच्या वाट्याला येऊ नये. मशीन चालू ठेवून डिस्क घालण्या-काढण्याची सोय गेली कित्येक वर्षं साध्या सर्व्हरमध्येही मिळते. तिला हॉट-स्वॅप म्हणतात. खोपोलीतला कारखाना असो, कर्जतमधलं रुग्णालय असो की कॉलेज, ज्याच्याकडे सर्व्हर आहे त्याने ती नीट समजून घ्यायला हवी.

आधी मशीनकडे समोरून पाहू. आठ कप्प्यांचा एखादा रॅक सर्व्हर घ्या. चार कप्प्यांत डिस्क आहेत, चार रिकामे. प्रत्येक डिस्क एका पातळ चौकटीत बसवलेली असते. तिला ट्रे किंवा कॅडी म्हणतात. रिकाम्या कप्प्यांतही काहीतरी दिसतं, पण ते बहुतेक वेळा नुसतं प्लॅस्टिकचं झाकण असतं. पंख्यांची हवा सैरावैरा न जाता डिस्कांवरूनच जावी म्हणून ते लावलेलं असतं, त्यात डिस्क बसत नाही. त्यामुळे डिस्कबरोबर त्याच मॉडेलची खरी कॅडीही मागवावी लागते. हे आधी न पाहिल्यामुळे काम अडून राहिल्याचं फार वेळा दिसतं.

कप्प्याच्या आत, मागच्या बाजूला, एक उभं सर्किट बोर्ड असतं: बॅकप्लेन. डिस्क सरकवली की ती थेट याच्या कनेक्टरवर बसते, वायर हाताने जोडायची नसते. हॉट-स्वॅपचं खरं कौशल्य या कनेक्टरमध्ये आहे. विहिरीवरचा पंप सुरू होताना घरातला दिवा क्षणभर मंदावतो, तसंच इथेही होऊ शकतं: नव्या डिस्कमधले कपॅसिटर रिकामे असतात, जोडल्याबरोबर ते एकदम करंट ओढतात, आणि शेजारच्या चालू डिस्कांचा व्होल्टेज खाली जाऊ शकतो. म्हणून साटा या नेहमीच्या प्रकारच्या डिस्क-कनेक्टरमधल्या विजेच्या पंधरा पिना एका लांबीच्या नसतात. ग्राउंडच्या लांब पिना सर्वांत आधी टेकतात. मग प्री-चार्जच्या पिना टेकतात आणि कपॅसिटर हळूहळू भरतात. मुख्य वीज त्यानंतर येते. हे सगळं डिस्क शेवटचे एक-दोन मिलिमीटर सरकत असताना घडतं. घरच्या कॉम्प्युटरच्या डिस्कलाही तसाच कनेक्टर असतो, पण तिथे बॅकप्लेन नसतं आणि बायोसमध्ये हॉट-प्लग बहुधा बंद असतं. म्हणून तिथे चालू मशीनमध्ये हात घालू नये.

डिस्क कुठली घ्यायची? सर्व्हरचा कंट्रोलर, म्हणजे डिस्कांचा कारभार पाहणारा भाग, सास या दुसऱ्या प्रकारचा असेल तर त्यावर सास आणि साटा दोन्ही डिस्क चालतात. तो फक्त साटा असेल तर सास डिस्क चालत नाही, ती बसतच नाही, कारण तिच्या कनेक्टरमधली मधली खाच भरलेली असते. नवी डिस्क जुन्यांइतकीच किंवा मोठी हवी, काही एमबींनी लहान असली तरी कंट्रोलर ती नाकारू शकतो. एसएमआर पद्धतीच्या डिस्क मात्र मी कुणालाही घेऊ देणार नाही. त्यांत डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे लांबलचक लिखाण सुरू झालं की त्यांचा वेग फार पडतो, आणि रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धतीत, नेमकं तेच लिखाण करावं लागतं.

आता आपल्या भागाची एक गोष्ट. जुलैत दादरहून किंवा ठाण्याहून डिस्क घेऊन माणूस कर्जत लोकलने येतो. दुकानातल्या एसीत डिस्क गार झालेली, बाहेरची हवा पाण्याने जड. पिशवी फोडली की गार धातूवर दव धरतं. साध्या हार्ड डिस्कच्या अंगावर एक बारीक छिद्र असतं, आतली-बाहेरची हवा सारखी राहावी म्हणून ठेवलेलं, आणि त्याजवळ ते झाकू नये अशी सूचना छापलेली असते; दमट हवा तिथून आतही जाऊ शकते. मोठ्या क्षमतेच्या हेलियमच्या डिस्क पूर्ण बंद असतात, पण त्यांच्या खालच्या सर्किटवर दव धरायचं ते धरतंच. म्हणून डिस्क तिच्या बंद अँटिस्टॅटिक पिशवीतच सर्व्हरच्या खोलीत काही तास ठेवावी आणि मगच पिशवी उघडावी. प्रवासात ती मांडीवर असावी, वरच्या फळीवर नको. न फिरणारी डिस्क धक्का बऱ्यापैकी सोसते, पण सोसण्यालाही मर्यादा आहे.

कॅडीत डिस्क चार स्क्रूंनी बसते. स्क्रू कॅडीबरोबर आलेलेच वापरावेत, लांब स्क्रू आतल्या भागाला इजा करू शकतो. स्क्रू आवळण्याआधी एक काम आवर्जून करावं: लेबलवरचा सीरियल नंबर वहीत उतरवून घ्यावा आणि कॅडीच्या दर्शनी बाजूलाही चिकटवावा. पुढे कधीतरी हाच कागद आख्खा डेटा वाचवतो, ते खाली येईलच.

मग कप्प्यावरचं झाकण काढायचं, कॅडीचा दांडा उघडा ठेवून ती आत सरकवायची, टेकली की दांडा मिटायचा. जोर लावू नये. अडत असेल तर कॅडी तिरकी गेली आहे किंवा दुसऱ्या मॉडेलची आहे. काही सेकंदांत डिस्क फिरू लागल्याचा बारीक, चढत जाणारा आवाज येतो आणि कॅडीवरचा हिरवा दिवा लागतो. ऑपरेटिंग सिस्टिमला डिस्क दिसली नाही तर घाबरून मशीन रीस्टार्ट करू नये. कंट्रोलरला पुन्हा स्कॅन करण्याची आज्ञा देता येते, लिनक्समध्ये आणि विंडोज सर्व्हरमध्येही. दिसली की सीरियल नंबर वहीशी ताडून पाहावा आणि स्मार्ट या तपासणीची लांब चाचणी लावावी. चाचणीला कित्येक तास लागतात. ते द्यावेत. नव्या डिस्कही खराब निघतात, आणि ते डेटा लिहिण्याआधी कळलेलं बरं.

इथवर डिस्क नुसती बसली आहे, जागा वाढलेली नाही. जागा कशी वाढते हे कळायला रेड समजून घ्यावं लागतं. १९८८ साली बर्कलीच्या विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी शोधनिबंधात मांडलं की एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात, आणि त्यातली एखादी मरणारच हे गृहीत धरून जादा माहिती लिहून ठेवावी. रेड ५ मध्ये ही जादा माहिती म्हणजे पॅरिटी. समजा तीन डिस्कांवर १, ० आणि १ असे बिट आहेत. एकांची संख्या सम राहावी असा नियम धरला, तर चौथ्या डिस्कवर ० लिहिलं जाईल. आता दुसरी डिस्क मेली. उरले १, १ आणि ०. एकांची संख्या आधीच सम आहे, म्हणजे हरवलेला बिट ० होता. असे अब्जावधी बिट कंट्रोलर पुन्हा काढत राहतो आणि तोवर वापरणाऱ्याला काही कळतही नाही.

नव्या डिस्कचे दोन उपयोग होऊ शकतात. एक, तिला हॉट स्पेअर म्हणून नुसती राखून ठेवायची, म्हणजे मध्यरात्री एखादी डिस्क गेली तर कंट्रोलर माणसाची वाट न पाहता हिच्यावर पुनर्बांधणी सुरू करतो. दोन, तिला ॲरेत, म्हणजे एकत्र चालणाऱ्या डिस्कांच्या गटात, सामील करून जागा वाढवायची. मग सगळा डेटा नव्या मांडणीत पुन्हा लिहिला जातो, आणि ते संपल्यावर पार्टिशन व फाइल सिस्टिमही वेगळी वाढवावी लागते. हा शेवटचा टप्पा राहिला की ‘डिस्क घातली तरी जागा तेवढीच’ अशी तक्रार येते. ज्या गावात सुटा भाग मिळायला दोन दिवस लागतात, तिथे पहिली जादा डिस्क मी हॉट स्पेअरच करेन.

मेलेली डिस्क बदलताना खरा धोका असतो. रेड ५ एक मृत्यू सोसतं, दोन नाही. एक डिस्क गेलेली असताना चुकून शेजारची चांगली ओढली, तर ॲरे कोसळतो. म्हणून आधी सॉफ्टवेअरमधून त्या कप्प्याचा दिवा लुकलुकता करायचा, मग वहीतला सीरियल नंबर जुळवायचा आणि डिस्क ऑफलाइन करायची. दांडा उघडून ती बोटभर बाहेर घ्यायची आणि अर्धा मिनिट थांबायचं. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी थांबली की मगच पूर्ण काढायची.

पुनर्बांधणीला वेळ लागतो. ८ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने सलग लिहिली तरी जवळपास १५ तास होतात, आणि लोकांचं काम चालूच असल्याने प्रत्यक्षात जास्त. या काळात चार डिस्कांच्या ॲरेत उरलेल्या तिघींवरचा सगळा, म्हणजे २४ टीबी डेटा वाचावा लागतो. स्वस्त डिस्कांच्या माहितीपत्रकात १० चा १४ वा घात इतक्या बिटांमागे एक वाचनदोष होऊ शकतो असं छापलेलं असतं. तेवढे बिट म्हणजे १२.५ टीबी. शिवाय एकाच खेपेतल्या डिस्क एकाच सुमारास थकण्याची भीती असते. मोठ्या डिस्कांसाठी मी रेड ६ चाच आग्रह धरतो, त्यात दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो.

आणि हे सगळं केलं तरी रेड म्हणजे बॅकअप नव्हे. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यांवरच्या कागदांचं काय झालं ते महाराष्ट्राने पाहिलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, ठाकरांचीच वाडी, दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. अशा वेळी घरातला कागद घराबरोबर जातो. वाचलेल्या माणसाला आपण कोण, आपली जमीन कुठली हे सांगायला उरते ती फक्त दूर कुठेतरी ठेवलेली नोंद. एका पेटीतल्या सगळ्या डिस्क एकाच छताखाली असतात. म्हणून डिस्क घालण्याआधी बॅकअप घ्यायचा, तो दुसऱ्या गावी ठेवायचा, आणि अधूनमधून त्यातली एखादी फाइल खरोखर उघडून पाहायची.

काढलेल्या डिस्कचंही काम संपलेलं नसतं. सर्व्हरने ती मेली म्हटलं तरी तिच्यावरचे आधार क्रमांक, बँकखाती, दाखले बहुतेक वाचता येण्याजोगे असतात. ती भंगारात देऊ नये. तबकड्यांना आरपार भोकं पाडावीत आणि सीरियल नंबरापुढे वहीत तारीख घालून नष्ट केल्याची नोंद करावी.