किडनी बदलल्यावर आई होताना

१९५६च्या मे महिन्यात बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहम रुग्णालयात डॉ. जोसेफ मरे यांनी एडिथ हेल्म या तरुणीला तिच्या जुळ्या बहिणीची किडनी बसवली. मार्च १९५८मध्ये तिला मुलगा झाला. प्रत्यारोपणानंतर आई झालेली ती जगातली पहिली स्त्री. दोघी हुबेहूब जुळ्या असल्याने शरीराने नवी किडनी नाकारण्याची भीती नव्हती, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेही लागली नाहीत. आज बहुतेकींना ती जन्मभर घ्यावी लागतात. म्हणूनच प्रत्यारोपणानंतरचे बाळंतपण आधी ठरवून, आखून करायचे असते.

किडन्या निकामी होऊ लागल्या की हार्मोनचा तोल ढळतो, पाळी लांबते किंवा थांबते. डायलिसिसवर असताना दिवस राहणे दुर्मीळ. राहिलेच तर नेहमीचे डायलिसिस पुरत नाही. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडा-अमेरिकेतील अभ्यासात आठवड्याला ३६ तासांहून अधिक डायलिसिस झालेल्या स्त्रियांच्या ८५ टक्के गरोदरपणांत जिवंत बाळ जन्मले. २० तास किंवा त्याहून कमी असेल तिथे हे प्रमाण ४८ टक्के होते. इतके तास मशीनवर काढणे सोपे नाही. म्हणून शक्य असेल तर आधी प्रत्यारोपण आणि मग बाळ, असाच सल्ला सहसा मिळतो.

नवी किडनी चालू लागली की काही महिन्यांतच, कधी पाळी सुरू होण्याआधीच, गर्भधारणा होऊ शकते. पण पहिल्या वर्षात किडनी नाकारली जाण्याचा धोका मोठा असतो, औषधांचे डोसही जास्त असतात. त्यामुळे किमान एक वर्ष, अनेक डॉक्टरांच्या मते दोन वर्षे थांबावे आणि तोवर गर्भनिरोधक वापरावे. किडनीचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन स्थिर हवे, रक्तदाब आटोक्यात हवा, लघवीतून प्रथिने फारशी जाता कामा नयेत.

दुसरी तयारी गोळ्यांची. मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधामुळे गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या कानात किंवा ओठ-टाळूत व्यंग येऊ शकते. ते गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी बंद करून बहुधा अ‍ॅझाथायोप्रिन देतात आणि किडनी स्थिर आहे ना, हे पाहतात. टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन चालू राहतात.

एवढे करूनही जोखीम उरतेच. किडनी प्रत्यारोपणानंतरच्या चार हजारांहून अधिक गरोदरपणांचा एकत्रित आढावा २०११मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७३ टक्के गरोदरपणांत जिवंत बाळ जन्मले. पण जवळपास निम्म्या प्रसूती वेळेआधी झाल्या आणि २७ टक्के वेळा प्रीएक्लॅम्प्सिया झाला, म्हणजे रक्तदाब धोकादायक वाढला. सिझेरियन निम्म्याहून अधिक. खरे तर नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवलेली असते, सहसा बाळाच्या वाटेत येत नाही. केवळ प्रत्यारोपण झाले म्हणून सिझेरियन करावे लागत नाही.

किडनी देणाऱ्या तरुणीनेही हा विचार करावा. २०१५च्या कॅनडातील अभ्यासात गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचे किंवा प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण दात्या स्त्रियांत ११ टक्के, तर इतर निरोगी स्त्रियांत ५ टक्के आढळले. बहुतेकींचे बाळंतपण सुखरूप झाले. तरी हा आकडा संमतीपत्रावर सही करण्याआधी कळायला हवा.

अनपेक्षितपणे पाळी चुकली, तर घाबरून सगळ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत; त्याने किडनीच जाऊ शकते. त्याच दिवशी नेफ्रॉलॉजिस्टना फोन करावा. कोणती गोळी थांबवायची आणि कोणती नाही, हे त्यांनीच ठरवायचे.