पदवीचे शिक्षण घेता घेता सैन्याधिकारी होण्याची वाट

बारावीचे निकाल लागून महाविद्यालयीन प्रवेशांची धावपळ सुरू झाली, की घराघरांतून मुलामुलींच्या भवितव्याची चर्चा सुरू होते. बँक, परिचर्या, अभियांत्रिकी, संगणक, परदेशातील नोकरी हे मार्ग आपल्या परिचयाचे आहेत. सैन्यदलातील अधिकारपदाचा विचार मात्र फारसा कोणी बोलून दाखवत नाही. ज्यांच्या मनात तो येतो, तेही बहुधा पदवी हाती आल्यावर चौकशी सुरू करतात. तोवर एक महत्त्वाचे दार बंद झालेले असते, कारण त्या दाराची किल्ली प्रथम वर्षातच हाती घ्यावी लागते. ही किल्ली म्हणजे राष्ट्रीय छात्रसेना, अर्थात एन.सी.सी. तिच्याविषयी अचूक माहिती वाचकांपुढे ठेवावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

छात्रसेना म्हणजे काय आणि काय नव्हे

पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर १९४८ साली संसदेने कायदा केला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय छात्रसेना अस्तित्वात आली. पुढील वर्षी मुलींचा विभाग सुरू झाला. १९६२ च्या चीन युद्धानंतर काही वर्षे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची होती. १९६८ पासून ती पुन्हा ऐच्छिक झाली. भूदल, नौदल व हवाईदल अशा तिच्या तीन शाखा असून ‘एकता आणि अनुशासन’ हे तिचे ब्रीद आहे.

अमेरिकेत महाविद्यालयात शिकत असतानाच अधिकारी-प्रशिक्षण पूर्ण होते आणि पदवीबरोबर सैन्यातील हुद्दाही मिळू शकतो. आपल्याकडील व्यवस्था तशी नाही. छात्रसेनेत तीन वर्षे काढली म्हणून कोणी अधिकारी होत नाही. तसेच छात्रसेनेत नाव घातले म्हणून सैन्यात जाण्याचे कोणतेही बंधन विद्यार्थ्यावर येत नाही. अनेक माता याच भीतीने मुलांना नाव घालू देत नाहीत. ही भीती निराधार आहे, हे आम्ही आवर्जून सांगू इच्छितो. छात्रसेना कोणाला सैन्यात ओढून नेत नाही. ज्याला जायचे आहे त्याची तयारी करून घेते आणि त्याला काही सवलती मिळवून देते.

महाविद्यालयातील तीन वर्षे

शैक्षणिक वर्षाच्या आरंभी महाविद्यालयात छात्रसेनेची निवड होते. शारीरिक क्षमता आणि आवड पाहून मर्यादित जागांवर विद्यार्थी घेतले जातात. महाविद्यालयातीलच एक प्राध्यापक सहयोगी अधिकारी म्हणून पथक सांभाळतात. त्यांना प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात भेटावे. सर्वच महाविद्यालयांत छात्रसेनेचे पथक नसते, म्हणून महाविद्यालय निवडण्यापूर्वीच ही चौकशी करणे शहाणपणाचे ठरते.

प्रशिक्षणासाठी शुल्क नाही आणि गणवेशाची तरतूद शासनाकडून होते. कवायत, नकाशावाचन, शस्त्रांची ओळख, नेमबाजी, प्रथमोपचार, आपत्तीच्या वेळचे मदतकार्य व समाजसेवा यांचा अभ्यासक्रमात समावेश असतो. वार्षिक शिबिरात साधारण दहा दिवस घराबाहेर, तंबूत वा वसतिगृहात राहावे लागते. दुसऱ्या वर्षी ‘बी’ प्रमाणपत्राची आणि तिसऱ्या वर्षी ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा होते. त्यांना बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी व शिबिराची उपस्थिती आवश्यक असते. म्हणूनच दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षी जागा होणाऱ्या विद्यार्थ्याला ‘सी’ प्रमाणपत्रापर्यंत पोहोचणे कठीण जाते.

अभ्यास मागे पडेल, ही पालकांची शंका रास्त आहे. कवायतीचे दिवस आणि शिबिरे वेळ घेतातच. तथापि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली छात्रसेनेचा अभ्यासक्रम ऐच्छिक विषय म्हणून श्रेयांकांसह शिकवण्याची मुभा विद्यापीठांना दिली आहे. आपल्या महाविद्यालयात ती लागू आहे का, हे विचारून घ्यावे. कवायत रविवारी सकाळी असेल, तर शनिवारी सायंकाळच्या मिस्साबलिदानास हजर राहण्याची सवय तरुणांनी लावून घ्यावी. वेळेचे नियोजन हाही शिस्तीचाच भाग आहे.

‘सी’ प्रमाणपत्राचा लाभ

पदवीधरांना अधिकारी होण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे संघ लोकसेवा आयोगाची संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा, म्हणजेच सी.डी.एस. ती वर्षातून दोनदा होते. डेहराडूनची भारतीय सैन्य अकादमी, एळिमलाची नौदल अकादमी, हवाईदल अकादमी आणि चेन्नईची अधिकारी प्रशिक्षण अकादमी येथील प्रवेश या परीक्षेतून होतात. इंग्रजी व सामान्य ज्ञान हे विषय सर्वांना असतात. चेन्नईखेरीज इतर अकादम्यांसाठी गणितही द्यावे लागते. ‘सी’ प्रमाणपत्रधारकांसाठी यातील काही जागा राखीव असतात.

यापेक्षा मोठा लाभ ‘एन.सी.सी. विशेष प्रवेश’ योजनेचा आहे. ‘सी’ परीक्षेत किमान ‘बी’ श्रेणी, पदवीला किमान ५० टक्के गुण, अविवाहित असणे आणि १९ ते २५ हे वय, या अटी पूर्ण करणाऱ्या मुलामुलींना भूदलाच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनसाठी लेखी परीक्षेशिवाय अर्ज करता येतो. छाननीत निवड झाल्यास थेट सेवा निवड मंडळाचे, म्हणजे एस.एस.बी.चे बोलावणे येते. जाहिरात वर्षातून दोनदा निघते. ‘सी’ परीक्षेचा निकाल हाती येण्यास वेळ लागतो, हे ध्यानात ठेवून वयाचा हिशेब आधीच मांडावा.

पाच दिवसांची कसोटी

सेवा निवड मंडळाची चाचणी पाच दिवस चालते. पहिल्या दिवशी बुद्धिमापन आणि चित्र पाहून गोष्ट लिहिणे व तिच्यावर गटचर्चा करणे यांतून प्राथमिक निवड होते. ज्यांची निवड होत नाही ते त्याच दिवशी परततात. उरलेल्यांची मानसशास्त्रीय परीक्षा, मैदानावरील गटकार्ये व मुलाखत होते. अखेरच्या दिवशी सर्व परीक्षक एकत्र बसून निर्णय घेतात. येथे पाठांतराचा उपयोग नसतो. अडचणीत माणूस कसा वागतो, सोबत्यांना बरोबर घेतो की नाही, जबाबदारी टाळतो की उचलतो, हे पाहिले जाते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी इंग्रजीतून विचार मांडण्याचा सराव मात्र प्रथम वर्षापासूनच करावा.

अपयश येथे सर्रास येते आणि त्यात कमीपणा नाही. वय असेपर्यंत पुन्हा प्रयत्न करता येतो. महाराष्ट्र शासनाचे नाशिक रोड येथे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे राज्यातील पात्र उमेदवारांना या मुलाखतीची तयारी निवास व भोजनासह विनामूल्य करून दिली जाते. खासगी वर्गांवर मोठी रक्कम खर्च करण्यापूर्वी पालकांनी या केंद्राची चौकशी अवश्य करावी.

निवडीनंतर

मंडळाची शिफारस, वैद्यकीय तपासणी आणि गुणानुक्रम यांतून पार पडलेल्यांना चेन्नईच्या अकादमीत ४९ आठवड्यांचे प्रशिक्षण मिळते. या काळात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन दिले जाते. विवाहास परवानगी नसते. प्रशिक्षण स्वेच्छेने अर्धवट सोडल्यास खर्च भरून द्यावा लागू शकतो. पूर्ण केल्यावर लेफ्टनंट हा हुद्दा मिळतो.

शॉर्ट सर्व्हिसची मुदत दहा वर्षांची असून ती चार वर्षांनी वाढू शकते. त्यानंतर कायम सेवेत घेतले न गेल्यास तिशी-पस्तिशीत नव्याने सुरुवात करावी लागते आणि नियमित निवृत्तिवेतन मिळत नाही. हा धोका कुटुंबाने उघड्या डोळ्यांनी स्वीकारावा. सीमेवरील नेमणुका, वारंवार बदल्या आणि प्राणाची जोखीम यांविषयीही घरात मोकळेपणाने बोलणे झाले पाहिजे.

मुलींसाठी हे क्षेत्र आता खुले झाले आहे. चेन्नईची अकादमी १९९२ पासून त्यांना प्रशिक्षण देत आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये भूदलातील स्त्री-अधिकाऱ्यांना कायम सेवेचा हक्क मान्य केला. २०२२ साली सुरू झालेली अग्निपथ योजना मात्र सैनिकभरतीची आहे. ती आणि अधिकारीभरती यांची गल्लत करू नये.

आपल्या समाजाला हा मार्ग अनोळखी असला, तरी अपरिचित मात्र नाही. मुंबईत जन्मलेले, गोमंतकीय कॅथलिक कुटुंबातील जनरल सुनीत फ्रान्सिस रॉड्रिग्ज हे १९९० ते १९९३ या काळात भारताचे भूदलप्रमुख होते. १९७१ च्या युद्धात गंगासागर येथे धारातीर्थी पडलेले लान्स नायक आल्बर्ट एक्का यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

प्रत्येकाने सैन्यातच जावे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्याच्या मनात ही इच्छा आहे, त्याची संधी केवळ माहितीअभावी हुकू नये. यंदा महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्या मुलामुलींनी प्रवेश-अर्जाबरोबरच छात्रसेनेच्या निवडीची तारीखही विचारून घ्यावी आणि पालकांनी त्यांना त्या दिवशी मैदानावर जाऊ द्यावे. पुढचा निर्णय घेण्यास तीन वर्षांचा अवकाश असतोच.