आवाज बदलतो तेव्हा

गाण्यांच्या कार्यक्रमात एकाच कीबोर्डातून कधी पियानो, कधी बासरी, तर कधी व्हायोलिनचा ताफा आपण ऐकतो. अशा कार्यक्रमांना मी साथ करतो. त्यामुळे ‘एवढे आवाज या पेटीत मावतात कसे?’ असे मला नेहमी विचारले जाते. माझ्या बाबतीत ते पेटीत नसतातच. शेजारच्या संगणकात असतात. कोणती पट्टी किती जोराने दाबली, एवढाच निरोप कीबोर्ड धाडतो. निरोपाची ही ‘मिडी’ नावाची भाषा १९८३ पासून रूढ आहे. प्रत्यक्ष आवाज काढते ती ‘मेनस्टेज’सारखी संगीतप्रणाली.

तिचे स्वयंपाकघर कल्पावे. डिस्क हे कोठार, मेमरी हा ओटा आणि प्रोसेसर हा आचारी. पियानोच्या ८८ पट्ट्या, प्रत्येकीचे हलक्या-जोरकस आघातांचे १० नमुने आणि नमुना १० सेकंदांचा धरला, तर ८,८०० सेकंदांचे ध्वनिमुद्रण होते. सेकंदाला ४४,१०० मोजमापे, दोन वाहिन्या व २४ बिट या हिशोबाने त्याला सुमारे २.३ गीगाबाइट जागा लागते. एवढा माल ऐन गाण्यात कोठारातून आणू म्हटले, तर गायकाला ताटकळावे लागेल. म्हणून प्रत्येक नमुन्याचा आरंभ तेवढा आधीच ओट्यावर ठेवतात. उरलेला भाग वाजवताना डिस्कवरून येत राहतो.

आचाऱ्याची अडचण वेगळी. तो नाद तुकड्यातुकड्यांनी रांधतो. तुकडा १२८ मोजमापांचा असेल, तर दर २.९ मिलिसेकंदांनी नवा तुकडा तयार हवा. एकाला जरी उशीर झाला, तरी ‘खट्’ असा आवाज सभागृहभर ऐकू जातो. तुकडा ५१२ चा केल्यास ११.६ मिलिसेकंदांची सवड मिळते. पण सूरही उशिरा उमटतो आणि ते बोटांना जाणवते.

खरी कसोटी आवाज बदलताना लागते. बासरीची आस विरलेली नसते, तोच पियानो सुरू होतो. त्या क्षणी दोहोंचा भार एकदम पडतो. जुना आवाज तडकाफडकी तोडला, तर भार हलका होईल. पण श्रोत्यांना गाण्यावर कात्री चालल्यासारखे वाटेल.

यावर मी पुढील पथ्ये पाळतो. सर्व आवाज पडदा उघडण्यापूर्वीच भरून ठेवावेत. पाच गाण्यांना एकच पियानो लागत असेल, तर तो पाचदा न भरता एकदाच भरून पाचही ठिकाणी जोडावा. घुमाऱ्याची योजना प्रत्येक वाद्याला स्वतंत्र न करता सर्वांना मिळून एकच करावी. जुन्या आवाजाची आस संपल्यावरच त्याला झोपवावे. आणि भार मोजायचा तो दोन गाण्यांच्या सांध्यावर, दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून.

नवा संगणक विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही. ही पथ्ये मात्र बिनखर्चाची आहेत. वादकमित्रांनी ती अवश्य करून पाहावीत.