अष्टपैलुत्वाचा खर्च कोणी करायचा?

कलावंताच्या यशाकडे पाहण्याची आपली दृष्टी अजूनही पुष्कळशी भाविक आहे. एखादी अभिनेत्री आज रडवते, उद्या हसवते, परवा धाक घालते. आपण 'दैवी देणगी' म्हणून मोकळे होतो. देणगी म्हटली की हिशेब विचारण्याचे कारण उरत नाही. परंतु अभिनयातील अष्टपैलुत्व हे पुष्कळसे पिकासारखे असते. बियाणे निसर्गाचे असले, तरी मशागतीचा, पाण्याचा आणि वेळेचा खर्च कोणीतरी केलेला असतो. तो कोणी केला, हा प्रश्न मुंबईची लोकल जेथे संपते त्या कसाऱ्यासारख्या गावाला विशेष जवळचा आहे. श्रीमती रोहिणी हट्टंगडी यांची कारकीर्द त्या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

शिक्षणाचे भांडवल

पुण्यात वाढलेल्या रोहिणी ओक १९७१ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात दाखल झाल्या आणि १९७४ साली तेथून बाहेर पडल्या. त्या काळी विद्यालयाची सूत्रे इब्राहिम अल्काझी यांच्यासारख्या कडक शिस्तीच्या गुरूकडे होती. तेथे जपानच्या काबुकीपासून कर्नाटकाच्या यक्षगानापर्यंत निरनिराळ्या परंपरांशी त्यांचा परिचय झाला. आवाज, श्वास, चाल आणि नजर ही अभिनयाची हत्यारे आहेत, आणि ती रोज घासावी लागतात, हे त्या तीन वर्षांचे मुख्य शिक्षण. विद्यालय सरकारी पैशावर चालणारे होते. म्हणजे करदात्याने येथे पहिली गुंतवणूक केली.

पुढे पती जयदेव हट्टंगडी यांच्या दिग्दर्शनाखाली 'चांगुणा'सारखी नाटके त्यांनी केली. या प्रायोगिक रंगभूमीवर तिकीटविक्रीचा आकडा लहान, पण चुकण्याची मुभा मोठी. सईद मिर्झा यांच्या 'अरविंद देसाई की अजीब दास्तान' (१९७८) या चित्रपटापासून त्या पडद्यावर आल्या आणि नंतर रिचर्ड अॅटनबरो यांच्या 'गांधी'मध्ये कस्तुरबांची भूमिका त्यांच्याकडे चालून आली. तिशीच्या आतबाहेरच्या या अभिनेत्रीने तारुण्यापासून आगाखान पॅलेसमधील अखेरच्या दिवसांपर्यंतच्या कस्तुरबा उभ्या केल्या, आणि त्याही इंग्रजी भाषेत. चित्रपट १९८२ साली प्रदर्शित झाला. ब्रिटिश चित्रपट व दूरचित्रवाणी अकादमीचे सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक त्यांना अमेरिकन अभिनेत्री मॉरीन स्टेपलटन यांच्यासमवेत विभागून मिळाले. या चित्रपटात राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, म्हणजे पुन्हा सार्वजनिक पैसा होता, आणि त्याच्या उत्पन्नातून पुढे चित्रपट कलावंतांसाठी कल्याण निधीही उभा राहिला. कलेवरील खर्च पाण्यात जातो असे म्हणणाऱ्यांनी हा ताळेबंद अवश्य वाचावा.

बाजाराने काय विकत घेतले?

त्यानंतरचा इतिहास मात्र मिश्र आहे. 'अर्थ'मधील मोलकरीण, 'सारांश'मधील पुत्रशोकाने खचलेली वृद्ध आई आणि 'पार्टी'मधील मोहिनी बर्वे ही तीन माणसे एकाच अभिनेत्रीने दोन-तीन वर्षांच्या अवधीत साकारली, हे सांगितल्यावाचून ध्यानात येऊ नये इतकी ती परस्परांहून भिन्न आहेत. यांपैकी मोहिनीची भूमिका अधिक बोलकी आहे. नवऱ्याच्या कीर्तीपायी रंगभूमी सोडलेली आणि आता मद्यात विरघळत चाललेली ती एक अभिनेत्री आहे. महेश एलकुंचवार यांच्या नाटकावर गोविंद निहलानींनी काढलेल्या या चित्रपटासाठी त्यांना १९८४ चे सहायक अभिनेत्रीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. याही चित्रपटामागे तेच सरकारी महामंडळ होते.

व्यावसायिक हिंदी चित्रपटाने या साऱ्या पैलूंतून एकच उचलला, आणि तो म्हणजे आईचा. 'अग्निपथ'मध्ये (१९९०) वयाने आपल्याहून कितीतरी मोठ्या असलेल्या अमिताभ बच्चन यांची आई त्यांना व्हावे लागले. बाजाराचा तर्क साधा असतो. जो माल एकदा खपला तोच पुन्हा मागवावा, नव्या मालाची जोखीम घेऊ नये. 'चालबाज'मधील (१९८९) दुष्ट आणि तरीही हास्यास्पद काकू हा त्यातला सुखद अपवाद. एरवी मल्याळम आणि तेलुगू चित्रपटांनी, तसेच मराठी रंगभूमीवरील 'अपराजिता' या एकपात्री प्रयोगाने त्यांच्यातील उरलेल्या अभिनेत्रीची कदर केली, असेच म्हणावे लागेल.

इंग्लंडशी तुलना केल्यास फरक नेमका कळतो. ज्यूडी डेंच १९५७ साली ओल्ड विकच्या रंगमंचावर ऑफिलिया म्हणून उभ्या राहिल्या. पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनी, दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका आणि साठी गाठताना 'गोल्डनआय'मधील (१९९५) गुप्तहेरखात्याची प्रमुख, असा त्यांचा प्रवास झाला. त्यांची प्रतिभा वादातीत आहे. परंतु अनुदानित नाटकमंडळ्या आणि परवाना शुल्कावर चालणारी बीबीसी यांनी त्यांना सतत नवे काम पुरविले, हेही तितकेच खरे. आपल्याकडे शिक्षणाचा खर्च समाजाने केला. पुढील कामाची सोय मात्र बहुतांशी बाजारावर सोपविली.

या कोंडीतून बाईंनी स्वतःची वाट काढली. २००१ पासून २०१३ च्या आरंभापर्यंत ई टीव्ही मराठीवर चाललेल्या 'चार दिवस सासूचे' या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. एकच व्यक्तिरेखा अकरा वर्षे रोज जिवंत ठेवणे ही अभिनयाची वेगळीच परीक्षा होती. मालिकेच्या दर्जाविषयी मतभेद असतील. पण संध्याकाळच्या स्वयंपाकवेळी घराघरांत ती ऐकली जात होती. अगदी अलीकडे, २०२३ साली, सहा बहिणींच्या 'बाईपण भारी देवा'ला महिलांनी जी अभूतपूर्व गर्दी केली, त्यात थोरल्या बहिणीच्या भूमिकेत त्याच होत्या. प्रौढ स्त्री मध्यभागी असलेली कथा चालत नाही, हा निर्मात्यांचा सिद्धान्त प्रेक्षकांनीच खोटा ठरविला.

घाटाखालचा प्रश्न

आता कसारा, शहापूर, मुरबाडकडे वळावे. येथील विद्यार्थिनीला उद्या या वाटेने जायचे झाले, तर तिच्यापुढे काय आहे? चांगले नाटक पाहायचे तर कल्याण किंवा नाशिक गाठावे लागते. मुरबाडला अजून आगगाडी नाही. रात्रीचा प्रयोग संपवून घाटाच्या पायथ्याशी परतणे घरच्यांना मानवत नाही. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात बसविलेली एकांकिका हाच बहुधा तिचा पहिला आणि शेवटचा प्रयोग ठरतो. तानसा आणि भातसा यांचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते आणि धरणाच्या आसपासच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. कलेच्या बाबतीतही हेच चित्र आहे. गुण असलेले मूल शहरात गेले तरच त्याला वाव मिळतो.

वस्तुतः या मुलखात नाट्याची परंपरा नाही असे नाही. कसाऱ्याहून खोडाळ्यामार्गे मोखाड्याकडे गेले की बोहाड्याचा प्रदेश लागतो. तेथे मुखवटा चढविताच ओळखीचा शेतकरी देव किंवा दानव होतो. दुसऱ्याचे रूप धारण करण्याची ही विद्या या मातीला अपरिचित नाही. तिला शाळा मात्र मिळालेली नाही.

जेथे प्यायला पाणी नाही तेथे नाटक कसले, असा आक्षेप येईल. पाण्याचा हक्क पहिला, याविषयी वाद नाही. परंतु गरिबांना केवळ पोटापुरते द्यावे आणि कला शहरांसाठी राखावी, ही विभागणी न्याय्य ठरत नाही. शिवाय हा रोजगाराचाही प्रश्न आहे. गोरेगावच्या चित्रनगरीत आणि ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर मालिकांची चित्रणे चालतात. तेथील काम ओळखीपाळखीने मिळते, ते शिक्षणाने मिळावे. आणि जी मुलगी नटी होणार नाही, ती शिक्षिका, परिचारिका किंवा सरपंच होईल. चारचौघांत स्पष्ट आणि निर्भयपणे बोलण्याचे शिक्षण तिला तेथेही उपयोगी पडेल.

यासाठी मोठ्या इमारतीची गरज नाही. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील महाविद्यालयांनी मिळून एक प्रशिक्षित नाट्यशिक्षक नेमावा आणि त्याच्या वेतनाचा भार जिल्हा नियोजनातून उचलला जावा. राज्य नाट्य स्पर्धेतील निवडक नाटकांचे प्रयोग तालुक्याच्या गावी, दिवसाउजेडी व्हावेत. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची शिबिरे महानगरांबाहेर यावीत. १९७१ साली पुण्याच्या एका मुलीवर देशाने तीन वर्षे खर्च केला आणि त्याची फेड ती पाच दशके करीत आली. तसाच खर्च घाटाखालच्या एखाद्या मुलीवर करण्यास हरकत कोणती, याचे उत्तर नियोजनकर्त्यांनी द्यावयास हवे.