जुन्या संगणकावर एस. टी. पळवू या

शिरपूरहून धुळ्याकडे निघालात की सावळद्याजवळ तापीचा पूल लागतो. त्या पुलावरून जाणारी एस. टी. आपल्याला संगणकाच्या पडद्यावर पळवायची आहे. संगणक मात्र शाळेच्या कपाटामागे धूळ खात पडलेला, ‘डॉस’वर चालणारा. “भंगारात द्या तो,” असे कोणी म्हणण्याआधी थोडे गणित करू.

१९८७ साली आय. बी. एम.ने व्हीजीए ही चित्रपद्धती आणली. तिच्या एका प्रकारात पडद्यावर आडवे ३२० व उभे २०० ठिपके असतात आणि रंग २५६. एका ठिपक्याला एक बाइट, म्हणजे पूर्ण चित्राला ६४,००० बाइट. दुसऱ्या प्रकारात ठिपके ६४० गुणिले ४८०, रंग मात्र १६. तेथे ठिपक्याला अर्धाच बाइट पुरतो, तरी एकूण १,५३,६०० बाइट होतात. डॉसच्या आज्ञावलीला स्मृतीचा एका वेळी ६५,५३६ बाइटांचाच तुकडा सहज हाताळता येतो. पहिले चित्र त्यात नेमके मावते. खेळ लिहिणाऱ्यांचा जीव त्यावर का जडला, हे आता कळले ना?

मग साधन कोणते घ्यावे? १९९१ साली डॉस ५ बरोबर क्यूबेसिक आले. ‘स्क्रीन १३’ लिहा, मग ‘लाइन’ने पूल आणि ‘सर्कल’ने चाके काढा. चूक झाली तर लगेच दिसते. प्रारंभ येथूनच करावा, असे मला वाटते. मात्र आज्ञावली चालू असतानाच क्यूबेसिक तिचा अर्थ लावत जाते, म्हणून ते संथ.

बोरलँड कंपनीची १९८७ सालची टर्बो सी सगळ्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत आधीच भाषांतर करते, म्हणून ती चपळ. आपल्याकडच्या कितीतरी अभियांत्रिकी महाविद्यालयांत चित्रणाचे धडे तिच्यावरच गिरवले गेले. पण तिच्या तयार चित्रसाधनांतून व्हीजीएवर १६च रंग मिळतात. २५६ हवे असतील तर ठिपक्याची जागा स्वतः काढावी लागते : ओळीचा क्रमांक गुणिले ३२०, अधिक ओळीतील स्थान. दोन्ही क्रमांक शून्यापासून मोजायचे, बरे का! आणखी एक खोच. चित्रसाधनांच्या फाइलीचा पत्ता लिहिताना उलटी तिरपी रेघ दोनदा द्या. एकदाच दिलीत आणि पुढे लहान लिपीतला ‘टी’ आला, तर सी भाषा त्याला टॅब समजते. मग पडदा कोरा, आणि विद्यार्थी रडकुंडीला!

आता आपली बस. ती ४० गुणिले १६, म्हणजे ६४० ठिपक्यांची. सेकंदाला १५ वेळा सगळा पडदा रंगवला तर ९,६०,००० ठिपके होतात. फक्त बस पुसून पुढे काढली तर १९,२००. क्यूबेसिकमधील ‘गेट’ने बसमागचा कठडा जपून ठेवा आणि ‘पुट’ने परत लावा. एवढ्याला क्यूबेसिक पुरे. पण पडदाभर तापीचा पूर उसळवायचा असेल, तर टर्बो सी घ्या.

शाळेत असा संगणक उरलाच नसेल, तर नव्या संगणकावर ‘डॉसबॉक्स’ ही मोफत आज्ञावली बसवा. तिच्यात ही दोन्ही साधने चालतात.